माझ्या नावावरचे अकरा

"तुझे अकरा झालेत येमूल," निंबर्गी सर म्हणाले. "आता एखादा दुसऱ्याला दे की. सगळं तूच खाणार?"

मी त्यांच्या केबिनमध्ये बसले होते. बसले होते म्हणजे अडकले होते. पाहुण्यांची खुर्ची कपाट आणि टेबलाच्या मधल्या फटीत ठेवलेली होती. पोट आत घेतलं की शिरता यायचं, पण बाहेर पडायला सरांनी आधी स्वतःची खुर्ची मागं घ्यावी लागायची. त्यामुळे सरांचं बोलणं संपायच्या आत त्या खुर्चीतून आजवर कुणी उठलेलं नव्हतं. औषध कंपनीचा एक माणूस तिथं पावणेदोन तास होता म्हणतात. तो बाहेर आला तोवर त्याच्या कंपनीनं ते औषध बंद केलं होतं.

"पण सर, हा पेपर मी केलाय."

"कुठला?"

"विडीवाल्या बायकांचा."

"बरोबर. आणि बाकीचे अकरा?"

"ते नाही केले."

"मग झालं तर." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समजूत घालायची असली की ते चष्मा काढत. "न केलेल्या अकरा कामांत तुझं नाव पहिलं. केलेल्या एकात तिसरं. एकूण बघ ना बेटा. फायद्यात कोण आहे?"

गणितात चूक काढता येत नव्हती.

"पहिलं कुणाचं टाकलंय सर?"

"समीना बागवान. ती पण विद्यार्थिनी, ती पण मुलगी. तिच्याकडे एकही नाही. मनाचा मोठेपणा दाखव जरा."

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा इंटर्न होते आणि सुरुवातीचे दोन महिने निंबर्गी सरांच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात होते. त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं होतं. कॉलेजच्या तपासणीत संशोधनाचे गुण देताना विद्यार्थ्यांचा सहभाग किती आणि महिलांचा किती, असे दोन वेगळे रकाने धरणार होते. हेतू फार चांगला होता. सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की, मुलगा घेतला तर एक रकाना भरतो, प्राध्यापिका घेतली तरी एकच भरतो, पण विद्यार्थिनी घेतली तर एका नावात दोन्ही रकाने भरतात. विभागात त्या दिवशी हजर असलेली एकमेव विद्यार्थिनी मी होते. बाकीच्या लग्नाला गेल्या होत्या.

त्याच दिवशी सरांनी माझ्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला होता. "तुझ्या विड्यांच्या पेपरची डिक्लेरेशनं. बारा प्रती. सह्या कर."

"बारा कशाला सर?"

"जर्नलवाले हरवतात."

मी बारा सह्या केल्या. इंग्रजी फॉर्म वरून वाचायला सुरुवात करायची असते हे मला साडेचार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. खाली सही कुठं करायची ते शिकवलं होतं.

चार महिन्यांनी कॉलेजच्या साइटवर यादी झळकली. त्यातल्या अकरा पेपरांत पहिलं नाव माझं, डॉ. गौतमी येमूल. एक प्रोस्टेटच्या तक्रारींवर होता. एक धान्याच्या गोदामातल्या उंदरांवर होता. एक नवजात बाळांच्या पावलांच्या लांबीवर होता, आणि त्यातली बाळं मोजली गेली तेव्हा मी आठवीत होते नि मला भूमितीत पस्तीस मार्क पडले होते. मेसमध्ये यादी मोठ्यानं वाचली गेली. एवढं काम एका जन्मात होत नाही म्हणून पोरींनी माझं नाव आजी ठेवलं. "आजी, उंदीर कसे पकडलेस गं?" "प्रेमानं," मी म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. बारावा, म्हणजे माझा खरा पेपर, यायचा होता. तो आला की बाकीचे अकरा विनोद म्हणून सोडून देता येतील, असं मी धरून चालले होते.

तो बारावा मी केला होता, शपथेवर. आमच्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. माझी अम्मा पण वळायची. तिला चहाच्या कपाचा चटका कळायचा नाही. कप गरम आहे हे तिला माझ्या ओरडण्यावरून कळायचं. म्हणून दोन सुट्ट्या घालवून मी दोनशे बारा बायकांची बोटं तपासली होती. तपासणी सोपी असते. नायलॉनचा बारीक दोरा बोटाच्या टोकाला टेकवायचा, डोळे मिटायला सांगायचे आणि कळलं का विचारायचं. अवघड एवढंच होतं की बाईला हात रिकामा करायला वेळ नव्हता. हजार विड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या असत. म्हणून ठरलं असं की तिची बोटं तपासून होईपर्यंत तिच्या सुपातल्या विड्या मी वळायच्या. एका हातानं दोरा टेकवायचा, दुसऱ्यानं विडी वळायची. माझ्या विड्या बघून बायका पोट धरून हसत आणि कारखान्यातला तपासणारा त्या न चुकता छाटात टाकी, म्हणजे त्यांचे पैसे बाईला मिळत नसत. दोनशे बारा बायकांनी माझ्यासाठी छाट सोसला होता.

"आमची नावं पुस्तकात येणार काय गं?" कोंडाबाई आरकालनी विचारलं होतं.

"तुमची नाही येत मावशी. माझं येणार. सगळ्यात वर."

"मग झालं. तुझं आलं की आमचं आलं."

हे सगळं मी सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा घातला आणि खुर्ची मागं घेतली. म्हणजे मी जायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला समीना माझ्यासमोर ताट घेऊन बसली. बराच वेळ वरणात भात कालवत राहिली.

"गौतमी, रागावू नकोस. तो दोरा बोटाच्या कुठल्या बाजूला टेकवतात?"

"तू पहिली लेखिका आहेस. तुला माहीत असायला पाहिजे."

"मी नाही म्हटलं होतं सरांना. म्हणाले, मग इंटर्नशिप कम्प्लीशनच्या सहीचं बघावं लागेल." तिचे डोळे भरून आले होते, पण ती जेवत होती. "परवा तपासणीत विचारलं तर काय सांगू?"

मी तिला सांगितलं, टोकाच्या मांसल भागाला. नखाच्या बाजूला नाही. तिनं ते तळहातावर पेनानं लिहून घेतलं.

तपासणीच्या दिवशी आमच्या कॉलेजात डॉक्टर उगवत. एरवी विभागात पाच माणसं असत, त्या दिवशी चौदा. गावोगावाहून सकाळच्या एसटीनं येत, घडी न मोडलेला अॅप्रन घालत आणि गळ्यात नावाची पट्टी अडकवून ओळीनं खुर्च्यांत बसत. त्यांनी बोलायचं नसे, फक्त मोजलं जायचं. आम्ही इंटर्न त्यांना पाणी देत असू आणि कुणी कुठल्या विषयाचे आहेत याची आठवण करून देत असू. एक गृहस्थ तीन वर्षं ओळीनं वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक म्हणून आले होते. त्या वर्षी ते कान-नाक-घशाचे होते आणि त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येत होतं.

समितीच्या प्रमुख होत्या डॉ. काटदरे. साठीच्या, बारीक, आवाज खणखणीत. त्यांनी यादी हातात घेतली.

"येमूल कोण?"

मी उभी राहिले.

"अकरा पेपर! बाई गं. तुझ्या वयात मला अकरा पदार्थ करता येत नव्हते." खोलीभर हशा. "हे पावलांचं सांग. छान विषय आहे."

मी दोन दिवस एक गोष्ट ठरवून आले होते. ती एका श्वासात सांगितली. "मॅडम, हे काम मी केलेलं नाही."

 मग काटदरे मॅडम कौतुकानं हसल्या. "बघा. सगळ्यांनी मिळून केलंय म्हणायचंय तिला. आजकालच्या मुलांत हे दिसत नाही हो."

"आमच्याकडे संस्कारच तसे आहेत," निंबर्गी सर म्हणाले.

"खरंच नाही केलं मॅडम. तेव्हा मी आठवीत होते."

आता समितीतले तिघंही हसले. एकांनी रुमालानं डोळे टिपले. "विनोदबुद्धी आहे मुलीला," ते म्हणाले. सर पण हसत होते, फक्त कपाळ सोडून. मी सगळ्यांकडे बघितलं. जन्मभर उगाच चेहरा सरळ ठेवून काहीबाही बोलत आले, तर आता चेहरा सरळ ठेवून खरं बोलले तरी लोक टाळ्या देत होते.

"बरं, मला एक सांग," काटदरे मॅडमनी पेपर उघडला. "फक्त उजवंच पाऊल मोजलंय. डावं का नाही?"

पेपरात ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "उजवं शुभ असतं मॅडम."

पुन्हा हशा. आणि त्या हशातून मागच्या ओळीतून एक आवाज आला.

"डाव्याला शाई असते."

सगळे वळले. मागच्या ओळीत चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर पिशवी. अंगातला अॅप्रन मात्र घडीचा नव्हता, धुऊन धुऊन पिवळा पडलेला, त्याच्या खिशावर आमच्या कॉलेजचा जुना शिक्का होता. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि उभ्या राहिल्याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं.

"बाळ जन्मलं की सिस्टर डावं पाऊल शाईत बुडवून केसपेपरवर ठसा घेतात," त्या म्हणाल्या. "ओली शाई पट्टीला लागते, टाच घसरते, माप चुकतं. पहिली साठ बाळं मी डाव्या पायानं मोजली. तीन महिन्यांचं काम गेलं. मग उजव्यावर आले."

"मी?" काटदरे मॅडमनी तो शब्द बरोबर पकडला. "आपण कोण?"

"डॉ. म्हेत्रे," निंबर्गी सर घाईनं म्हणाले. "आमच्याच आहेत. फॅकल्टी."

"यांचं नाव पेपरात दिसत नाही."

"अनवधानानं राहिलं मॅडम."

"मग घाला. आठ दिवसांत जर्नलला दुरुस्ती पाठवा, मला प्रत पाठवा." आणि त्या पुढच्या पेपराकडे वळल्या. पुढचा समीनाचा होता, अजून छापायला न गेलेला. समीनानं एकदा तळहात बघितला आणि बरोबर उत्तर दिलं.

दुपारी हात धुवायच्या नळावर म्हेत्रे मॅडम माझ्या शेजारी आल्या.

"तूच काय येमूल?"

"हो मॅडम."

"सहा महिने शोधतेय मी तुला. आधी वाटलं सरांची भाची असशील. मग प्रोस्टेटचा पेपर बघितला, वाटलं बाप्याच असणार कुणीतरी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमचं नाव का काढलं मॅडम?"

"काढलं नाही गं, घातलंच नाही. चार वर्षं हंगामी होते इथं. कॉन्ट्रॅक्ट संपलं, रजिस्टरं इथंच राहिली. अकराशे चौदा बाळं. सर म्हणाले, छापायचं झालं की कळवतो." त्यांनी पदराला हात पुसले. "नंतर ते परिपत्रक आलं. मी बाई आहे, विद्यार्थिनी नाही. एकच रकाना भरते."

"मग आज आलात कशाला मोजून घ्यायला?"

"पुढच्या वर्षी कायम करू म्हणालेत. दर वर्षी म्हणतात." त्या थोडं हसल्या. "चारशे सातवं पाऊल माझ्या मुलीचं आहे. ती विचारते, आई, तुझं नाव कुठंय यात? आता लागेल. पाचवं लागलं तरी लागेल."

मी त्यांना माझ्या विड्यांच्या पेपराबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "दोनशे बारा बायकांना नखाच्या बाजूनं नाही ना तपासलंस?"

"नाही मॅडम."

"मग चांगलं आहे काम."

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या फटीतल्या खुर्चीत होते. सरांनी जर्नलचा फॉर्म पुढं सरकवला. लेखकांच्या नावांत बदल करायचा तर सगळ्यांनी एकाच कागदावर आपापलं योगदान लिहून सही करायची होती. एक येमूल, दोन निंबर्गी, तीन डीन, चार लोंढे आणि पाचवी ओळ नवी, म्हेत्रे.

"पहिली ओळ तू भर," सर म्हणाले. "कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, लेखन. सगळं लिही. पहिलं नाव आहे, तेवढं पाहिजे."

"आणि म्हेत्रे मॅडम?"

"त्यांनी मोजायला मदत केली, असं त्या लिहितील." सरांनी चष्मा काढला. "ऐक येमूल. त्या दिवशी तू जे केलंस ते मी विनोदात काढलंय. तुझा विड्यांचा पेपर अजून गेलेला नाही. बागवानचं नाव मागं घेतो, तुझं पहिलं टाकतो. तिलाही तेच पाहिजे, रडत होती परवा. हा फॉर्म भर, सगळ्यांच्या सह्या घे, संध्याकाळी मेल कर. आणि विड्या तुझ्या."

मला दुसरं काहीच नको होतं. कोंडाबाईंना दाखवायला एक कागद पाहिजे होता, त्याच्या सगळ्यात वर माझं नाव पाहिजे होतं. ते सरांच्या खिशात होतं आणि सर ते काढून देत होते. अडचण एवढीच होती की देताना दुसऱ्या खिशातून म्हेत्रे मॅडमची अकराशे चौदा बाळं माझ्या नावावर कायमची लिहून घेत होते. परवापर्यंत ती बाळं कुणाचीच नव्हती. आता त्यांतलं चारशे सातवं म्हेत्रे मॅडमच्या मुलीचं होतं.

मी पेन घेतलं. पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलं, काहीही नाही. खाली सही केली.

आता सर वाचणार, ओरडणार, फॉर्म फाडणार, हे मला दिसत होतं. मी फॉर्म उलटा करून त्यांच्याकडे सरकवला. तेवढ्यात फोन वाजला. समितीतल्या कुणाला तरी आमच्याकडचा हुरडा आवडला होता नि पुण्याला पाठवायचा होता. "कोवळाच देतो साहेब, गुळभेंडीचा," सर म्हणाले, आणि फोन खांद्यात धरून दुसऱ्या ओळीत डिट्टो लिहून सही केली.

आमच्या विभागात डिट्टोची पद्धत होती. वरची ओळ ज्यानं भरली त्यानं विचार केलेला असणारच, मग आपण का करायचा. हजेरी, रजा, शपथपत्र, सगळं असंच चालायचं. मी तोंड उघडलं. मग मिटलं.

सरांनी खुर्ची मागं घेतली.

डीन सरांनी उभ्या उभ्याच डिट्टो केलं. लोंढे सर विभागातले जुने, काळजीपूर्वक माणूस. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, वाचल्यासारखं केलं, मला वाटलं सुटले मी. त्यांनी विचारलं, "माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना?" बरोबर होतं. डिट्टो.

म्हेत्रे मॅडम दुपारच्या एसटीनं सहीला आल्या. विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि फॉर्म वरून वाचायला सुरुवात केली. अख्ख्या प्रकरणात वरून वाचणाऱ्या त्या एकट्याच. 

"हे असंच पाठवणार तू?"

"हो."

"आणि तुझा पेपर?"

"तुम्ही लिहा मॅडम. मेल करायचंय."

"वेडी आहेस का गं?"

"सगळे विनोदी म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. पाचव्या ओळीत लिहायला लागल्या. ओळ संपली तशा समासात शिरल्या, मग कागद उलटा करून मागं. रजिस्टर किती, पट्टी कुठली, रात्रपाळीच्या कुठल्या सिस्टरनं किती मापं घेतली, त्यांची नावं. साठ फुकट गेलेली बाळं पण लिहिली. मी दोन्ही बाजू स्कॅन करून विभागाच्या संगणकावरून पाठवल्या.

तीन आठवड्यांनी जर्नलचं उत्तर आलं. भाषा फार सभ्य होती. पहिल्या चार लेखकांनी आपलं कोणतंही योगदान नसल्याचं स्वतःच प्रामाणिकपणे कळवलं, याबद्दल संपादक मंडळानं त्यांचे आभार मानले होते. पेपर यापुढं डॉ. म्हेत्रे यांच्या एकटीच्या नावावर राहणार होता.

सरांनी मला बोलावलं. मी दारातच उभी राहिले.

"बस."

"इथं ठीक आहे सर."

ते ओरडले नाहीत. "वाचून सही करा, एवढं म्हणायचंस ना बेटा."

"म्हटलं असतं तर तुम्ही वाचलं असतं."

  मग त्यांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले. पहिला विड्यांचा पेपर. पहिलं नाव बागवान, दुसरं निंबर्गी, तिसरं लोंढे. येमूल कुठंही नव्हतं. "काल पाठवला," सर म्हणाले. "तुझ्या विनंतीवरून नाव कमी केलंय, असं कळवलंय. योगदान नसताना नाव लावणं तुला पटत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे."

दुसरा कागद माझा इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला होता. सगळे रकाने भरलेले, सही तेवढी बाकी.

"आणि ते दहा सर?" मी विचारलं.

"कुठले?"

"उरलेले. माझ्या नावावरचे."

"ते तुझेच आहेत." सरांनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर आणलं आणि टेकवायच्या आधी थांबवलं. "का? आणखी फॉर्म भरायचेत का तुला?"

पंख्याचा आवाज येत होता. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर होतं. साडेपाच वर्षं होती त्या बोटभरात. अम्माच्या लाखो विड्या होत्या.

"नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. तारीख पण टाकली. "चांगली डॉक्टर होशील," म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

त्या संध्याकाळी मी अम्माला सगळं सांगितलं. ती पान कापत होती. कात्री न थांबवता तिनं विचारलं, "मग आमची बोटं आता कुणाच्या नावावर?"

"समीनाच्या."

"ती आली होती काय कधी?"

"नाही."

अम्मानं पुढचं पान घेतलं. कोंडाबाईंना काय सांगायचं ते तिनं ठरवलं असावं, कारण नंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही. भेटल्या की नोकरी लागली का गं पोरी, एवढंच विचारत.

नोकरी लागली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात मुलाखत होती. पाच माणसं समोर. त्यातल्या एकांनी माझी यादी वाचून भुवया उंचावल्या. "दहा पेपर! प्रोस्टेटवर काम करावंसं का वाटलं?"

"आवड होती," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. निवड झाली.

मधे एमडी केलं. आता मी तिथं असोसिएट प्रोफेसर आहे. बढतीच्या प्रत्येक वेळी ते दहा उपयोगी पडले. विड्यांचा पेपर अधूनमधून काढून वाचते. चांगला आहे. चौथ्या तक्त्यात एक आकडा समीनानं उतरवताना चुकवलाय, अडतीसच्या जागी त्र्याऐंशी. तो दुरुस्त करायला जर्नलला लिहायचं तर आपण कोण ते लिहावं लागतं.

म्हेत्रे मॅडमचा दिवाळीला फोन येतो. त्यांना अजून कुणी कायम केलेलं नाही. मुलगी एम.ए.ला आहे, पाय मोठे आहेत म्हणतात. बोलता बोलता एकदा त्यांनी विचारलं, "बाकीचे दहा गं, ते कुणाचे होते?"

मी म्हणाले, माहीत नाही.

माहीत करून घेणं अवघड नाही. उंदरांची रजिस्टरं, प्रोस्टेटची रजिस्टरं त्याच कपाटात असणार, पहिल्या पानावर कुणाचं तरी अक्षर असणार. विभागात एक फोन केला तर लोंढे सर सांगतील. फोन नंबर माझ्याकडे आहे. बारा वर्षं आहे.